अहवालात ‘बाय-रॅड्स ३’ लिहिले असेल तर : सहा महिन्यांच्या प्रतीक्षेविषयी

स्तनांच्या तपासणीचा अहवाल हाती आला की बहुतेक स्त्रिया त्यात एकाच प्रश्नाचे उत्तर शोधतात : कर्करोग आहे की नाही? पुष्कळदा ते उत्तर सरळ मिळते. काही अहवालांच्या अखेरीस मात्र ‘बाय-रॅड्स ३’ असे लिहिलेले असते, त्यापुढे ‘बहुधा निरुपद्रवी’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करण्याची सूचना असते. ‘आहे’ असेही नाही आणि ‘नाही’ असेही नाही. हा मधला निकाल घेऊन सहा महिने कसे काढायचे, याविषयी अहवालात अवाक्षर नसते.

बाय-रॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी या संस्थेने घालून दिलेली प्रतवारी आहे. तिची पहिली आवृत्ती १९९३ साली निघाली, पाचवी २०१३ साली. त्यापूर्वी प्रत्येक रेडिऑलॉजिस्ट आपापल्या शब्दांत अहवाल लिहीत असे आणि तो वाचणाऱ्या शल्यचिकित्सकाला पुढे नेमके काय करायचे याचा अंदाज बांधावा लागे. शब्दांतला हा सैलपणा जावा म्हणून शून्य ते सहा असे आकडे ठरवण्यात आले. १ म्हणजे काहीही आढळले नाही. २ म्हणजे काहीतरी दिसते, पण ते निश्चितपणे निरुपद्रवी आहे. ५ म्हणजे कर्करोगाची शक्यता शंभरात ९५ किंवा त्याहून अधिक, आणि ६ म्हणजे बायोप्सीने निदान आधीच सिद्ध झालेले आहे. शून्याचा अर्थ ‘काही नाही’ असा नसून ‘तपासणी अपुरी आहे, आणखी चित्रे किंवा सोनोग्राफी हवी’ असा आहे. चार हा वर्ग सर्वांत विस्तीर्ण. शंभरात दोनपासून ९५ पर्यंतची शक्यता त्यात मावते, म्हणून त्याचे ४-ए, ४-बी आणि ४-सी असे पोटभाग केले आहेत. ४-ए मध्ये ही शक्यता शंभरात दोन ते दहा इतकीच असते. त्यामुळे ‘चार आला’ एवढ्यावर न थांबता त्यापुढचे अक्षरही वाचावे.

राहिला तीन. या वर्गात कर्करोगाची शक्यता शंभरात दोन किंवा त्याहून कमी धरली जाते. शंभर स्त्रियांना हा निकाल मिळाला तर त्यांतल्या अठ्ठ्याण्णव किंवा त्याहून अधिक जणींच्या स्तनात जे दिसले ते पुढेही साधेच ठरते. सहसा तो फायब्रोएडेनोमा असतो, म्हणजे तंतुमय ऊतींची निरुपद्रवी गाठ, किंवा एखादे गुंतागुंतीचे दिसणारे पाण्याचे आवरण, नाहीतर एकत्र जमलेले कॅल्शियमचे गोलसर कण.

इथे मराठी भाषा आपल्याला जरा अडचणीत आणते. आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे : गाठ. पाण्याची गाठ, चरबीची गाठ, दुधाची गाठ आणि कर्करोगाची गाठ. डॉक्टरांनी ‘छोटीशी गाठ आहे’ असे म्हटले की घरी पोहोचेपर्यंत त्यातला ‘छोटीशी’ गळून पडलेला असतो. त्यातच ‘तीन’ हा आकडा. कर्करोगाच्या संदर्भात आपण आजवर ऐकलेला तीन हा ‘तिसऱ्या स्टेज’चा असतो. बाय-रॅड्सच्या तीनाचा त्या तीनाशी काहीही संबंध नाही. स्टेज ठरते ती कर्करोग सिद्ध झाल्यानंतर, आणि बाय-रॅड्सचा तीन सांगतो की कर्करोग बहुधा नाहीच. पण हे दोन आकडे वेगळे आहेत हे कोणी मुद्दाम सांगितल्याशिवाय कळायचे कसे?

माझे सासर बालाघाटचे. मध्य प्रदेशातल्या या जिल्ह्याच्या दक्षिणेला महाराष्ट्राचे गोंदिया आणि भंडारा हे जिल्हे आहेत. वैनगंगेकाठच्या या प्रदेशात मराठी, पोवारी, हिंदी आणि गोंडी एकाच बाजारात कानी पडतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी बालाघाटची राजधानीही नागपूर होती. पुढे विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. राजधानी भोपाळला गेली, तरी मोठे आजारपण आले की सीमेलगतच्या अनेक घरांची वाट अजूनही नागपूरचीच असते. लांजी तहसिलीतल्या गावात राहणाऱ्या माझ्या नणंदेने नागपूरच्या एका खासगी केंद्रात तपासणी केली तेव्हा तिथल्या खिडकीवरून तिला बंद लिफाफा मिळाला. त्यात काय आहे हे सांगायला कोणी नव्हते. रात्री त्या कागदाचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर आले आणि पाठोपाठ फोन : “वहिनी, तिसरी स्टेज आहे म्हणतात.” म्हणणारे कोण, तर रेल्वेच्या डब्यात शेजारी बसलेल्या एक बाई. गोंदियाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तो कागद पाहून सगळे नीट समजावले, पण ती रात्र काही परत मिळत नाही. उपचारासाठी कोणते दागिने मोडायचे इथवर विचार गेला होता.

त्यांनी जे समजावले त्यातला मुख्य भाग असा की, थांबणे हा या वर्गात उपचार टाळण्याचा प्रकार नव्हे, ती तपासणीच आहे. एका चित्रावरून गाठीचा आकार, कडा आणि घनता कळते, पण ती वाढते आहे की नाही हे कळत नाही. त्यासाठी दुसरे चित्र लागते आणि दोन्हींच्या मध्ये काळ जावा लागतो. फार लवकर पाहिले तर फरक दिसण्याइतका वेळच गेलेला नसतो. फार उशिरा पाहिले तर शंभरातल्या त्या एक-दोन जणींचे नुकसान होते. सहा महिन्यांचे अंतर या दोहोंचा विचार करून ठरले आहे. त्यानंतर बाराव्या आणि चोविसाव्या महिन्यात पुन्हा पाहतात, आणि दोन वर्षांत काही बदल झाला नाही तर निकाल तीनवरून दोनवर येतो.

या पद्धतीमागे भक्कम आधार आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे रेडिऑलॉजिस्ट एडवर्ड सिकल्स यांनी १९९१ साली ‘बहुधा निरुपद्रवी’ ठरवलेल्या ३,१८४ प्रकरणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांतल्या १७ ठिकाणी पुढे कर्करोग निघाला, म्हणजे दोनशेत एक. त्या सर्व सतराही जणींचा आजार अगदी आरंभीच्या टप्प्यात सापडला होता. थांबल्यामुळे त्यांची संधी हुकली नाही. ज्यांना सरसकट सगळ्या गाठी काढून टाकाव्यात असे वाटते त्यांनी उरलेल्या ३,१६७ जणींचाही विचार करावा. त्यांच्यावर विनाकारण शस्त्रक्रिया झाली असती.

अलीकडच्या नोंदींत हे प्रमाण थोडे अधिक दिसते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मॅमोग्राफी नोंदणीवर आधारलेला एक अभ्यास २०२० साली आला. त्यात या वर्गातल्या शंभरात दोनहून किंचित कमी स्त्रियांना पुढे कर्करोग आढळला आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचे निदान सहा महिन्यांच्या तपासणीच्या वेळी किंवा त्याआधी झाले. म्हणजे दोन वर्षांतल्या तीन तारखांपैकी पहिली तारीख सर्वांत महत्त्वाची.

आणि नेमकी तीच चुकते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २००५ ते २०१७ या काळातल्या दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिला निकाल स्वच्छ आलेल्या शंभरातल्या ७७ जणी पुढच्या नियमित तपासणीला परत आल्या. ज्यांना ‘थोड्या महिन्यांनी पुन्हा या’ असे सांगितले गेले आणि अखेरीस काही निघाले नाही, त्यांतल्या ६१ जणीच परतल्या. बायोप्सी झालेल्यांतही हे प्रमाण ६७ होते, म्हणजे नुसते थांबायला सांगितलेल्यांपेक्षा अधिक. सुई टोचून घेणे एकवेळ सोसते, पण टांगते राहणे सोसत नाही, असा याचा अर्थ मी लावते. डेन्मार्कमधल्या २०१३ सालच्या एका अभ्यासानेही याला पुष्टी दिली आहे. संशय येऊन पुढे निर्धास्त ठरलेल्या स्त्रियांच्या मनावरचा ताण तीन वर्षांनंतरही पूर्ण ओसरलेला नव्हता. तेव्हा ‘काही निघाले नाही ना, मग आता विसर’ असे घरातल्यांनी म्हणणे सोपे आहे, पण ते लागू पडत नाही.

गोव्यात हा विषय आता थोड्याच स्त्रियांपुरता राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्य सरकारने युवराज सिंग यांच्या यूवीकॅन फाउंडेशन आणि एसबीआय फाउंडेशनच्या साह्याने ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ हा उपक्रम सुरू केला. एक लाख स्त्रियांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्यात वापरले जाणारे हातात मावणारे यंत्र क्ष-किरण न वापरता स्तनातल्या ऊतींचा कठीणपणा टिपते, आणि शंका आल्यास त्या स्त्रीला सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीसाठी पुढे पाठवावे लागते. चाळणी जितकी रुंद तितक्या अधिक जणींच्या वाट्याला हा मधला निकाल येणार, हे गृहीतच धरले पाहिजे. अमेरिकेत नियमित मॅमोग्राफी केलेल्या शंभरांपैकी साधारण दहा जणींना आणखी चित्रांसाठी परत बोलावतात आणि त्या दहांत एकीलाही कर्करोग निघतोच असे नाही. परत बोलावणे म्हणजे निदान नव्हे.

आपल्याकडे काणकोणहून निघा की पेडण्याहून, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय एका दिवसात गाठून संध्याकाळी घरी परतता येते. बालाघाटच्या खेड्यातून आधी बसने आमगाव किंवा गोंदिया, मग रेल्वेने नागपूर. एका तपासणीसाठी दोन दिवस जातात आणि बरोबर एक माणूस लागतो. त्या दोन दिवसांची मजुरी बुडते ती वेगळीच. आयुष्मान भारत योजना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. दर सहा महिन्यांनी बाह्यरुग्ण म्हणून केलेल्या मॅमोग्राफीचा आणि प्रवासाचा खर्च सहसा खिशातूनच होतो. शिवाय हा भाताचा जिल्हा. जानेवारीत तपासणी झाली की सहा महिन्यांनी जुलै येतो आणि जुलैत रोवणी असते. आपल्याकडे जिला लावणी म्हणतात तीच. त्या दिवसांत घरातली कर्ती बाई दोन दिवस नागपूरला जाते म्हटले तर तिचीच तिला लाज वाटते. “सहा महिन्यांनी याल ना?” असे डॉक्टरांनी विचारल्यावर आमच्या वन्संनी मान डोलावली होती. येणे जमणार नाही हे त्यांना तेव्हाच ठाऊक होते. डॉक्टरांना ‘नाही’ कसे म्हणायचे, म्हणून त्या गप्प बसल्या.

या लेखातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य इथेच लिहायला हवे. ‘मला परत येणे जमणार नाही’ ही संकोचाची बाब नसून ती वैद्यकीय माहिती आहे आणि ती डॉक्टरांना मिळालीच पाहिजे. थांबण्याचा सल्ला हा रुग्ण ठरल्या वेळी परत येईल या गृहीतकावर उभा असतो. ते गृहीतकच खोटे असेल तर सल्ला बदलू शकतो. अशा वेळी प्रतवारी तीनच राहते, पण थांबण्याऐवजी बायोप्सी करून प्रश्न तिथेच मिटवणे अधिक शहाणपणाचे ठरते, आणि रेडिऑलॉजिस्टांच्या रूढ व्यवहारात त्याला मुभा आहे. आई किंवा बहिणीला हा आजार झालेला असेल, लवकरच गर्भधारणेचा विचार असेल, किंवा चिंतेने झोपच उडाली असेल, तर तेही सांगावे. रुग्णाची चिंता हेसुद्धा बायोप्सी करण्याचे ग्राह्य कारण मानले जाते. उलट, गाठ फक्त सोनोग्राफीवर पाहायची असेल तर पुढची सोनोग्राफी जवळच्या गावी करता येईल का, हेही विचारता येते. आमच्याकडे तेच झाले. नागपूरऐवजी गोंदिया ठरले, आणि जुलैऐवजी जूनचा अखेरचा आठवडा. दोन-तीन आठवडे मागेपुढे झाल्याने सहसा बिघडत नाही, पण हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचे. ‘रोवणी झाल्यावर बघू’ मात्र नको, कारण रोवणीनंतर पोळा येतो, मग दिवाळी, मग कापणी.

बायोप्सीविषयी एक समज सीमेच्या दोन्ही बाजूंना आणि गोव्यातही सारखाच ऐकू येतो : सुई लावली की कर्करोग पसरतो. या भीतीने जितके नुकसान केले आहे तितके सुईने केलेले नाही. आज वापरली जाणारी कोअर बायोप्सी जागा बधिर करून जाड सुईने करतात. भात शिजला का पाहायला एक शीत घ्यावे तसे ऊतीचे बारीक तुकडे घेतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. आजार अंगभर पसरेल म्हणून ती टाळणे म्हणजे निदानाविना राहणे. अमेरिकेतला अनुभव असा की अशा चार बायोप्सींपैकी साधारण तीन निरुपद्रवी निघतात.

तीन हा निकाल मिळाला की आधी एक गोष्ट विचारून घ्यावी : आवश्यक ती सगळी चित्रे झाली आहेत ना? नियमानुसार हा वर्ग जादा मॅमोग्राफी आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी झाल्यानंतरच द्यायचा असतो. केवळ पहिल्या चाळणीच्या चित्रांवरून तो दिला गेला असेल तर तपासणी पूर्ण करून घेणे हा आपला हक्क आहे. स्तन घनदाट आहेत असे लिहिले असेल तर घाबरू नये, तो आजार नव्हे. तरुण वयात ते सर्रास आढळते. पांढऱ्या ऊतींत पांढरी गाठ लपते, एवढाच त्याचा अर्थ, आणि म्हणून तिथे सोनोग्राफीची जोड लागते. भारतात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दशकभर आधीच्या वयात दिसतो. त्यामुळे आपल्याकडे हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा.

सहा महिन्यांच्या काळात मनाचे काय करायचे याला गोळी नाही. काही स्त्रिया रोज, दिवसातून चारदा गाठ चाचपतात. त्याने काही कळत नाही. पाळीच्या चक्राबरोबर स्तन फुगतात, दुखतात, गाठाळ लागतात, आणि दर वेळी गाठ मोठी झाल्याचा भास होतो. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे महिन्यातून एकदा, पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात पाहावे आणि मग हात आवरावा. पुढच्या तपासणीची वेळही शक्यतो त्याच आठवड्यातली घ्यावी, कारण तेव्हा यंत्राचा दाब कमी दुखतो. आणखी, ही गोष्ट घरातल्या एकाच विश्वासू माणसाला पूर्ण सांगावी. दहा जणांना अर्धी सांगितली की दहा जणांचे सल्ले येतात आणि त्यांतला एखादा रेल्वेच्या डब्यातल्या बाईंसारखा निघतो. नवऱ्याने किंवा मुलाने तारीख लक्षात ठेवण्याचे काम अंगावर घेतले तर ती मोठी मदत. ‘काळजी करू नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘२४ तारखेचे तिकीट काढले आहे’ असे म्हणणे अधिक उपयोगी पडते.

काही लक्षणे मात्र सहा महिने थांबत नाहीत. गाठ हाताला स्पष्टपणे मोठी लागू लागली, कातडीला खळी पडली किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, स्तनाग्र आत ओढले गेले, त्यातून रक्तमिश्रित स्राव आला, काखेत नवी गाठ लागली, तर तारखेची वाट न पाहता जावे. आणि हाताला गाठ लागत असताना मॅमोग्राफी स्वच्छ आली म्हणून स्वस्थ बसू नये. काही गाठी मॅमोग्राफीत दिसत नाहीत.

जिथे यंत्र जवळ नाही तिथे प्रशिक्षित हाताने केलेली तपासणीही फुकट जात नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करीत. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२१ साली आले. या स्त्रियांत आजार आधीच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी अशी तपासणी आरोग्य केंद्रांवर अपेक्षित आहे. गावातल्या आशाताईंना तिचा वार विचारावा. अर्थात ज्यांना तीन हा निकाल मिळाला आहे त्यांच्या सहामाही चित्रांची जागा ही तपासणी घेऊ शकत नाही.

शेवटी, चित्रे जपण्याविषयी. पाठपुराव्यात तुलना हेच सर्व काही असल्याने जुनी चित्रे नसतील तर दुसरी तपासणी पुन्हा पहिलीच ठरते आणि घड्याळ नव्याने सुरू होते. अहवालाचा कागद पुरत नाही, फिल्म किंवा सीडीही लागते. तपासणी झाली त्याच दिवशी ती मागून घ्यावी, कारण केंद्रे नोंदी कायम ठेवतीलच असे नाही. सीडीवर नाव आणि तारीख मार्करने लिहावी, कागदाचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवावे, आणि फिल्म पिशवीत न दुमडता सपाट ठेवावी. बालाघाटकडे पावसाळ्यात ओल धरते तशी ती आपल्याकडेही धरते, म्हणून कपाटाच्या खालच्या कप्प्यात नको.